पुर्जा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

गेल्या महिन्यातील एका रविवारी, सकाळचा चहा व्हावयाच्या आतच, आमचे तात्यापाऱ्यातील एक स्नेही हातात कागदांचे भेंडोळे घेऊन दारी उभे राहिले. सरकारी नोकरीत हिशेब तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, अशांपैकी हे गृहस्थ. विजेच्या देयकावरील आकडाही दोनदा ताडून पाहिल्याखेरीज पैसे भरावयाचे नाहीत, असा त्यांचा बाणा. कागद पुढे ठेवून ते म्हणाले, "तुम्ही भाषांतराचे काम करता. एवढे मराठीत समजावून सांगा. सही करण्यापूर्वी आपण कशाखाली सही करीत आहोत, हे मला कळले पाहिजे."

कागद होते मोटारींच्या रॅलीच्या नियमांचे. स्नेह्यांच्या चिरंजीवांना गेली दोन वर्षे रॅलीचे वेड लागले आहे. जुनी गाडी वडिलांच्या नावावर घेतलेली. रायपूरबाहेर बिलासपूरच्या रस्त्यावर भनपुरी म्हणून जो औद्योगिक भाग आहे, तेथील एका लहानशा दुरुस्तीखान्यात ती चार महिन्यांपासून उभी होती. गाडी चिरंजीव चालविणार, शेजारी नकाशा व टिपणे घेऊन त्यांचा मित्र बसणार, दुरुस्ती भनपुरीचे उस्ताद पाहणार. आणि प्रवेशपत्रावर 'स्पर्धक' म्हणून नाव मात्र वडिलांचे! वडिलांना वाटले होते की, हा केवळ उपचार असेल. मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी सही करून मोकळे व्हावे. परंतु कागद वाचताना एका कलमापाशी ते अडखळले होते.

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रॅली ही वर्तुळाकार धावपट्टीवरील शर्यत नव्हे. डोंगरातील, रानातील, मातीचे वा डांबराचे खरेखुरे रस्ते काही तास बंद करून तेथे एकेक गाडी वेळ मोजून सोडतात. असे अनेक टप्पे असतात आणि एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत त्याच गाडीने सर्वसामान्य रस्त्यावरून, वाहतुकीचे नियम पाळीत, जावयाचे असते. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल की, 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून निघालेल्या गाड्या युरोप व पश्चिम आशिया तुडवीत मुंबईस आल्या होत्या, आणि तेथून 'चुसान' नावाच्या जहाजात चढून ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. आज आपल्याकडे राष्ट्रीय रॅली स्पर्धा रीतसर होते. महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरातील रस्त्यांनी ती पाहिली आहे. या खेळाचे देशातील नियमन चेन्नई येथील एफ.एम.एस.सी.आय. ही संघटना करते, आणि तिचे नियम मूलतः एफ.आय.ए. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांना धरून असतात.

आता त्या कलमाकडे वळू. गाडी नियमात बसते, याविषयी तपासनिसांची व पंचांची खात्री पटविणे हे स्पर्धकाचे कर्तव्य आहे, आणि तेही स्पर्धा चालू असताना कोणत्याही क्षणी, असा त्याचा आशय. त्याला जोडूनच दुसरे एक तत्त्व आहे: गाडी तपासणीसाठी पुढे आणली, म्हणजेच "ही नियमानुसार आहे" असे स्पर्धकाने सांगितले, असे समजले जाते. आणि तिसरे तत्त्व तर फारच कठोर. नियमबाह्य पुर्ज्यामुळे गाडीला काही लाभ झाला नाही, हा बचाव चालत नाही.

स्नेही म्हणाले, "म्हणजे तपासनिसाने पाहून शिक्का मारला, तरीही उद्या काही निघाले तर माझ्याच गळ्यात?"

"होय," मी म्हणालो, "तुमच्याच."

हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. मलाही वाटले. घर बांधताना नगरपालिकेचा अभियंता पाहून गेला, की आपण निर्धास्त होतो. पण रॅलीची तपासणी कशी असते हे ध्यानात घेतले म्हणजे या तत्त्वामागची अपरिहार्यता दिसू लागते. स्पर्धेपूर्वी तपासनिसाला प्रत्येक गाडीमागे थोडाच वेळ मिळतो. तो आसने व पट्टे पाहतो, त्यांच्यावरील मुदतीची तारीख वाचतो, आतील पोलादी पिंजरा नीट जोडलेला आहे ना हे चाचपतो, शिरस्त्राणे पाहतो, काही पुर्ज्यांना शिक्के लावतो. इंजिन उघडणे, क्लच उतरविणे, फ्लायव्हील काट्यावर घालणे हे सर्व प्रत्येक गाडीचे करावयाचे म्हटले तर रॅली सुरूच होणार नाही. म्हणून ती तपासणी स्पर्धा संपल्यावर, निवडक गाड्यांची, बहुधा पहिल्या आलेल्यांची होते. तोपर्यंत सारा व्यवहार स्पर्धकाच्या शब्दावर चालतो.

आणि तपासतात ते कशाशी ताडून? येथे भाषांतरकाराची खरी परीक्षा होते. नियमांत 'होमोलोगेशन' असा शब्द येतो. निर्मात्याने आपल्या गाडीचा एक तपशीलवार कागद संस्थेकडे दाखल करावयाचा. त्यात पुर्ज्यांची छायाचित्रे, मापे, वजने असतात. संस्था तो मान्य करते. आणि पुढे त्या जातीची जी जी गाडी स्पर्धेत येईल ती त्या कागदाबरहुकूम असली पाहिजे. मी याला 'नमुना-मान्यता' असे म्हणतो. शब्द काहीसा बोजड आहे, हे मान्य. मुळात हा ग्रीक शब्द. 'सारखे' आणि 'बोलणे' या दोन धातूंपासून बनलेला. कागद जे बोलतो तेच लोखंडाने बोलावे, असा त्याचा भाव आहे. एखादा अधिक मजबूत क्लच किंवा निराळा दांडा वापरावयाचा असेल तर त्याला मज्जाव नाही. पण तो पर्याय म्हणून त्या कागदात आधी नोंदलेला हवा. नोंद नसेल तर पुर्जा कितीही उत्तम असो, तो या खेळापुरता परकाच.

असा एक परका क्लच 2012 साली पोर्तुगालच्या रॅलीत सापडला. फिनलंडचे मिको हिर्वोनेन हे त्या वर्षी सित्रोएनच्या संघात नव्याने दाखल झालेले. या संघाकडून मिळविलेला त्यांचा तो पहिलाच विजय. व्यासपीठावर सत्कार झाला, छायाचित्रे निघाली. त्यानंतर गाडी उघडून पाहिली तेव्हा तीतील क्लच मान्य नमुन्याशी जुळेना. टर्बोच्या एका भागाविषयीही शंका निघाली. निकाल रद्द झाला. हिर्वोनेन बाद ठरले आणि नॉर्वेचे तरुण चालक मॅड्स ऑस्टबर्ग यांना विजेते घोषित करण्यात आले. त्यांच्याही आयुष्यातील जागतिक स्पर्धेतील तो पहिलाच विजय; पण तो मिळाला तेव्हा मैदान रिकामे झाले होते.

क्लच हिर्वोनेन यांनी निवडला नव्हता. रॅलीचा चालक गाडीखाली शिरून क्लच उतरवून पाहत नाही. तरीही गेले ते त्यांचेच यश. स्नेह्यांना हे ऐकून फार हळहळ वाटली. मी त्यांना म्हणालो, थांबा, याच गृहस्थांची दुसरी एक हकीकत ऐका. 2009 साली ऑस्ट्रेलियाच्या रॅलीत पहिले आले होते फ्रान्सचे सेबास्तियन लोब, सित्रोएन गाडीतून. त्या वेळी हिर्वोनेन प्रतिस्पर्धी फोर्ड संघात होते. स्पर्धेनंतरच्या तपासणीत सित्रोएनच्या गाडीतील अँटी-रोल बारचा, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून बसविलेल्या दांड्याचा, एक जोड मान्य नमुन्याहून निराळा निघाला. लोब यांच्या वेळेत एक मिनिट वाढविण्यात आले आणि विजय हिर्वोनेन यांच्याकडे गेला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद अखेरीस लोब यांनीच जिंकले, पण 93 गुण विरुद्ध 92 अशा एका गुणाने! दुसऱ्याच्या गाडीतील लहानशा जोडामुळे मिळालेला विजय आणि आपल्या गाडीतील चकतीमुळे गेलेला विजय, दोन्ही एकाच माणसाच्या पदरी, तीन वर्षांच्या अंतराने.

या दोन प्रकरणांत कोणी कपट केले असे म्हणण्यास जागा नाही. कपटाचे उदाहरण पाहावयाचे असेल तर 1995 सालाकडे जावे लागते. त्या काळी टर्बोमध्ये शिरणारी हवा 34 मिलिमीटर व्यासाच्या एका गळ्यातूनच गेली पाहिजे, असा नियम होता. गळा लहान म्हणजे हवा कमी, हवा कमी म्हणजे इंजिनाची ताकद आटोक्यात. कातालुन्याच्या रॅलीत टोयोटाच्या गाड्या तपासल्या तेव्हा आढळले की, नळीची पट्टी आवळून बसविली की गळ्याशेजारी एक फट पडे आणि नियमाच्या बाहेरून हवा आत शिरे. तपासनिसाने पाहावे म्हणून नळी सोडविली की स्प्रिंगांच्या जोरावर ती फट आपोआप मिटून जाई. एफ.आय.ए.चे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स मोझले यांनी या करामतीच्या कारागिरीची एका परीने तारीफच केली, आणि संघाला एक वर्ष जागतिक स्पर्धेतून बाहेर ठेवले. संघाचे व त्याच्या चालकांचे त्या वर्षीचे गुण पुसले गेले. विश्वविजेतेपदाच्या चढाओढीत असलेले यूहा कान्कुनेन त्या चालकांत होते. त्यांना या फटीची कल्पना होती, असा पुरावा पुढे आला नाही. गुण तरीही गेले.

यातील एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. हेतू शुद्ध होता की दुष्ट, हा प्रश्न शिक्षा किती द्यावी हे ठरविताना येतो. निकाल राहावा की जावा, हे ठरविताना येत नाही. पोर्तुगालमध्ये एका रॅलीचा निकाल गेला; टोयोटाचे एक वर्ष गेले. परंतु पुर्जा नमुन्याबाहेरचा होता एवढे सिद्ध झाल्यावर, त्या गाडीचे नाव निकालपत्रावर ठेवण्यास दोन्हीकडे आधार उरला नाही. यापेक्षा मवाळ नियम असता तर काय झाले असते, याची कल्पना करावी. प्रत्येक संघ म्हणाला असता, "हे आमच्या कारागिराने केले, आम्हांस ठाऊक नव्हते." कारागीर म्हणाला असता, "पुर्जा पुरविणाऱ्याने असाच पाठविला." पुरविणारा आणखी कोणाकडे बोट दाखविता. आणि तिकडे मान्य क्लच लावून, काही सेकंद मागे राहिलेला माणूस दुसऱ्या क्रमांकावरच बसून राहिला असता. आपली सहानुभूती बाद झालेल्याकडे चटकन धावते. कारण त्याच्या गळ्यात हार आपण पाहिलेला असतो. त्या दुसऱ्याचा चेहरा आपण पाहिलेलाच नसतो.

नियम कठोर असला म्हणजे नेहमीच शहाणा असतो, असे मात्र माझे म्हणणे नाही. 1966 सालची माँटे कार्लो रॅली याची साक्ष देईल. पहिले तीनही क्रमांक ब्रिटिश मिनी कूपर गाड्यांनी पटकाविले होते. टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क हे त्यांचे चालक. मग तपासणी झाली. इंजिन वगैरे सर्व मान्य; आक्षेप निघाला तो समोरच्या दिव्यांना. त्या दिव्यांत एकाच तारेचे, आयोडीन-क्वार्ट्‌झ जातीचे बल्ब होते. झोत खाली करावयाचा तर मुख्य दिवे विझवून धुक्याचे दिवे लावावे लागत. हे नियमात बसत नाही, असा निर्णय झाला, तीनही गाड्या बाद झाल्या, आणि विजय सित्रोएनच्या पाउली तोइव्होनेन यांना देण्यात आला. फ्रेंच गाडीला जिंकविण्यासाठी हा खटाटोप केला, असा गवगवा त्या वेळी इंग्लंडात झाला आणि अजूनही थांबलेला नाही. दिव्यांमुळे गाडी वेगाने पळते, असे कोणीच म्हणणार नाही. पण याच प्रसंगातून दिसते की, नियमाची भाषा संदिग्ध राहिली, तर त्याचा भार पंचावर नव्हे, स्पर्धकावर पडतो. पुढल्याच वर्षी, 1967 साली, आल्टोनेन मिनी घेऊनच ती रॅली जिंकून गेले, ही गोष्ट वेगळी.

असो. हे सारे ऐकून घेतल्यावर स्नेह्यांनी एकच प्रश्न विचारला, "आमच्या गाडीत क्लच कुठला आहे?"

मला अर्थातच ठाऊक नव्हते. त्यांनाही नव्हते. चिरंजीवांना दूरध्वनी केला तेव्हा ते मोठ्या उत्साहाने म्हणाले, "बाबा, उस्तादांनी दुसऱ्या मॉडेलची मजबूत प्लेट टाकली आहे. गाडी काय उचल खाते म्हणता!" बाबांनी दूरध्वनी खाली ठेवला आणि म्हणाले, "चला भनपुरीला."

रविवार असल्याने रस्त्यावर वर्दळ बेताची होती. तरी कडेला मालमोटारींची रांग होतीच. भनपुरीची बाजारपेठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको की, तेथे सुटा भाग मागितला की पहिला प्रश्न येतो, "ओरिजनल चाहिए कि लोकल?" यात लपवाछपवी नाही, दोन किमती, दोन खोके. दुरुस्तीखान्यातील उस्ताद साठीच्या घरातले, मालमोटारींच्या गिअरपेट्या उघडण्यात हयात गेलेले. स्नेह्यांनी रागाने नव्हे, पण हिशेब तपासण्याच्या सुरात विचारले, "मूळ नमुन्याची प्लेट का नाही लावलीत?"

उस्तादांनी हात पुसले आणि म्हणाले, "साहब, कागज में क्या लिखा है, मुझे किसी ने दिखाया ही नहीं. भैया बोले मजबूत लगा दो, मैंने लगा दिया."

या उत्तरावर आम्ही तिघेही काही क्षण गप्प होतो. चिरंजीव खाली पाहू लागले. खरे पाहता, उस्तादांचा अपराध कोणता? मालमोटारीच्या धंद्यात मजबूत पुर्जा बसविणे हेच चांगले काम. गाडी रॅलीत उतरणार हे त्यांना ठाऊक होते. पण रॅलीत मजबुतीपेक्षा नोंदीला मान आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुलाने नियम इंग्रजीत वाचले होते, आपल्याला हवे तेवढे. वडिलांनी ते वाचलेच नव्हते. स्पर्धकावर सारा भार टाकणारे ते कलम मला त्या दुरुस्तीखान्यात अधिक उमगले. त्या कलमाने कारागिराला मोकळे सोडलेले नाही. स्पर्धकाला कारागिरापाशी जाऊन विचारावयास भाग पाडले आहे.

देशाचा कायदा या बाबतीत जबाबदारीची वाटणी थोडी निराळी करतो. रॅलीची गाडी दोन टप्प्यांमधील सामान्य रस्त्यावरही चालते, म्हणून हेही पाहिले पाहिजे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून ढळेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कसून लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील 182-अ हे कलम नव्याने लिहिले गेले. त्यात मुभा नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि सुरक्षेचे नियमबाह्य भाग विकणाऱ्याला याहून पुष्कळ जास्त. म्हणजे कायदा विकणाऱ्यालाही धरतो. रॅलीचे पंच विकणाऱ्यापर्यंत जात नाहीत. निकालपत्रावर त्याचे नाव नसते. ज्याला पुरवठादाराने फसविले असेल त्याने त्याच्याशी पुढे भांडावे, भरपाई मागावी. निकाल तेवढा वेळ थांबू शकत नाही.

त्या रविवारी गिअरपेटी उतरविण्यात दुपार गेली. जुळवून पाहिले तेव्हा दोन्ही चकत्यांचा व्यास एकच. मात्र मधल्या स्प्रिंगांची संख्या वेगळी होती. ज्या वर्गात ही गाडी उतरणार होती, त्या वर्गात मूळचीच प्लेट हवी होती. उस्ताद कागदावरील छायाचित्र बराच वेळ निरखीत राहिले. "अब समझा," ते म्हणाले, आणि मग आपण होऊनच गाडीतील आणखी दोन ठिकाणे त्यांनी दाखविली, जेथे त्यांनी "बेहतर" माल लावला होता. चिरंजीवांनाही त्यांपैकी एकाची माहिती नव्हती.

अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत होती. सोमवारी संध्याकाळी स्नेह्यांनी सही केली. पण त्याआधी एका वहीत प्रत्येक बदललेल्या पुर्ज्याचे नाव, त्यावरील क्रमांक, दुकानाच्या पावतीची तारीख आणि बसविणाऱ्याची सही अशी चार रकान्यांची नोंद करवून घेतली. उस्तादांनी आपले नाव देवनागरीत, सावकाश, जरा अभिमानानेच लिहिले. निघताना त्यांनी नव्या प्लेटचा रिकामा खोका मागितला. त्यांना त्यात खिळे ठेवावयाचे होते. स्नेही म्हणाले, "तो मिळणार नाही. त्यावर क्रमांक आहे." तो खोका सध्या तात्यापाऱ्यातील त्यांच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांशेजारी आहे.